बंडाचं गाणं लिहायला बसलेल्या नव्या गड्याला

अरे, पहिल्याच गाण्यात भ्रष्टाचार, पर्यावरण, युद्ध, बेकारी सगळं कोंबलंयस. एक विषय धर.

1984 मध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ आलं. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाची कैफियत. पण कोरस, म्हणजे पुन्हापुन्हा येणारं ध्रुवपद, इतका दणदणीत, की कितीतरी लोकांना ते देशाभिमानाचंच गाणं वाटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं कौतुकानं नाव घेतलं! कडव्यात रडून कोरसमध्ये गरजलास, तर लोक घरी कोरसच नेतात. तुझा मुद्दा तिथेच आण.

नुसत्या शब्दांवरही विसंबू नकोस. ब्रिटनमधल्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वंशभेदविरोधी चळवळवाल्यांनी पंक (आक्रमक रॉक) आणि रेगे (जमैकातून आलेलं संगीत) वाजवणारे बँड एकाच मंचावर आणले. 30 एप्रिल 1978 ला ट्रफल्गार स्क्वेअरवरून मोर्चा निघाला, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला आणि तिथे पंकवाले द क्लॅश आणि रेगेवाले स्टील पल्स वाजले. गोरे-काळे एकत्र वाजवताहेत, यातच निम्मं म्हणणं आलं. भाषणं मला तरी कंटाळवाणीच वाटतात.

आणि हो, मिक्सिंगला गिटार खाली घे, शब्द ऐकू येऊ देत. गिटारवाला रुसेल, रुसू दे.