वाचकांचे प्रश्न : युरोपच्या जहाजावर कोणाचे प्रमाणपत्र चालते?

प्रश्न : आम्ही लाखांदूर तालुक्यातील (जि. भंडारा) धान उत्पादक शेतकरी आहोत. मुलगा यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला असून त्याला मर्चंट नेव्हीत जायचे आहे. नागपूरला भेटलेल्या एका एजंटाचे म्हणणे असे की, युरोपातील सर्व देशांनी खलाशांचे प्रशिक्षण आता एकच केले आहे, तेव्हा त्याच्यामार्फत ‘युरोपीय प्रमाणपत्र’ घेतले की तिथल्या कोणत्याही देशाच्या जहाजावर थेट नोकरी मिळते. त्यासाठी तो मागतो ती रक्कम उभी करायची तर एक एकर विकावे लागेल. हे प्रशिक्षण खरोखर एकच झाले आहे काय?

उत्तर : एजंटाच्या बोलण्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे आणि दुसरा खोटा आहे, म्हणून एकर विकण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा. ‘युरोपीय प्रमाणपत्र’ नावाचा कागद युरोपीय संघ कोणालाही देत नाही. खलाशांची आणि अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे आजही त्या त्या देशाचे सरकारच देते. युरोपने समान केली ती प्रशिक्षणाची किमान पातळी, आणि एकमेकांची प्रमाणपत्रे स्वीकारण्याची रीत.

आपल्याकडे आयटीआयच्या फिटरचा अभ्यासक्रम विदर्भात आणि तमिळनाडूत एकच असतो, तसे मात्र तिथे झालेले नाही. जर्मनीत जहाजावरचा कारागीर होण्यासाठी तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते आणि तीत डेक (जहाज हाकणे व माल सांभाळणे) व इंजिन ही दोन्ही कामे शिकवली जातात. नेदरलँड्स व फ्रान्समध्ये अधिकारीसुद्धा दोन्ही बाजूंचे काम जाणणारा घडवण्याची परंपरा आहे, तर पोलंडमध्ये ग्दिनियासारख्या ठिकाणच्या सागरी विद्यापीठातून डेकची आणि इंजिनची पदवी वेगवेगळी घेतली जाते. शाळा वेगळ्या, वर्षे वेगळी, भाषा वेगळ्या. तरीही यापैकी कोणीही पहाऱ्यावर, म्हणजे जहाज सांभाळण्याच्या पाळीवर, उभा राहिला तर त्याला काय यायलाच हवे, ते ठरलेले आहे.

ते ठरवण्याचे काम मुळात युरोपने केलेले नाही. लंडनला मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1978 साली खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांविषयी जो करार केला आणि जो एसटीसीडब्ल्यू या नावाने ओळखला जातो, त्यात जवळजवळ सर्व सागरी देश सामील आहेत. पहिल्या मसुद्यात बऱ्याच गोष्टी प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडलेल्या होत्या आणि मर्जी म्हटली की काय होते ते आपल्याला सांगायला नको. 1990 साली ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली, तेव्हा नव्यानेच भरलेल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना आगीच्या वेळी काय करायचे हे माहीत नव्हते आणि अनेकांना एकमेकांची किंवा प्रवाशांची भाषाही समजत नव्हती. दीडशेहून अधिक माणसे दगावली. 1995 साली करार मुळापासून सुधारला गेला, कोणत्या पदाला कोणती कौशल्ये लागतात आणि ती कशी तपासायची याचे तक्ते आले, आणि 2010 साली मनिला येथे त्यात पुन्हा भर पडली.

युरोपीय संघाने याच कराराला आपल्या कायद्याचे रूप दिले असून सध्याचा निर्देश (सदस्य देशांना बांधून घेणारा नियम) 2022 सालचा आहे. कायदा झाल्यामुळे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे एका सदस्य देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्या सदस्य देशाने मान्य करायचे. अधिकाऱ्याच्या बाबतीत, जहाज ज्या देशात नोंदलेले आहे आणि ज्याचा ध्वज लावते, त्या देशाचा मान्यतेचा शेरा त्यावर घ्यावा लागतो. दुसरी म्हणजे, हा विश्वास आंधळा राहू नये म्हणून लिस्बनची युरोपीय सागरी सुरक्षा संस्था सदस्य देशांची प्रशिक्षणव्यवस्था किमान पाच वर्षांतून एकदा तपासते. 1999 साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यालगत ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज मोडून तेल पसरले, त्यानंतरच्या हालचालींतून ही संस्था उभी राहिली.

आता तुमच्या मुलापुरते. हीच संस्था युरोपाबाहेरच्या देशांनाही भेटी देते आणि युरोपीय संघाने ज्यांची प्रमाणपत्रे मान्य केली आहेत त्या देशांत भारत आहे. ही मान्यता कायमची नसते. फिलिपिन्ससारख्या खलाशी पुरवणाऱ्या मोठ्या देशाची मान्यता तिथल्या प्रशिक्षणातील उणिवांमुळे काही काळ टांगणीला लागली होती आणि 2023 साली ती कायम राहिली. म्हणजे ग्रीस किंवा माल्टाच्या ध्वजाखालच्या जहाजावर चढायला तुमच्या मुलाला लागणारा पाया भारताच्याच प्रमाणपत्राचा आहे. ते मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या व्यवस्थेतून मिळते. संस्था त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि एजंटाच्या माहितीपत्रकावरचा युरोपाचा नकाशा पाहून भुलू नये. अधिकारी व्हायचे असेल तर बारावीच्या भौतिक, रसायन व गणिताचे गुण लागतात आणि भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा असते. खलाशी म्हणून जायचे तर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (डेक व इंजिन दोन्हीकडे काम करणाऱ्या सामान्य खलाशाचा) अभ्यासक्रम आहे. वैद्यकीय तपासणीत दृष्टी आणि रंगज्ञान पाहतात, ती फी भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

वैनगंगेत पोहणाऱ्या पोरांना पाण्याची भीती नसते हे मान्य, पण प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षणात लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणे आणि उलटलेला जीवतराफा सरळ करणे हे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते, आणि त्यातली काही कौशल्ये दर पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागतात. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारा माणूस नेमके हेच टाळायला शिकवतो.

पैशाबद्दल शेवटचे. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशाचे ओळखपुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो. भारताने हा करार 2015 साली स्वीकारला असून भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा परवाना असावाच लागतो. एजंटाला तो परवाना दाखवायला सांगा.

प्रश्न : नदीवर नाव चालवणाऱ्यांसाठी युरोपात असे काही आहे काय? (एक वाचक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : आहे, पण ते उशिरा आले. र्‍हाइन नदीचा कारभार पाहणारा आयोग 1815 च्या व्हिएन्ना परिषदेतून निघाला, तरी र्‍हाइनवरचे आणि डॅन्यूबवरचे नाविक दोन शतके वेगवेगळ्या नियमांखाली राहिले. 2017 च्या निर्देशाने अंतर्गत जलमार्गांवरील पात्रतांची परस्पर मान्यता ठरवली आणि जानेवारी 2022 पासून ती अमलात आली.

आपल्याकडे 1917 च्या कायद्याची जागा अंतर्देशीय जहाज कायदा, 2021 ने घेतली असून यांत्रिक जहाजांची नोंदणी व चालकांची प्रमाणपत्रे आता सर्व राज्यांत चालतात. वैनगंगा किंवा प्राणहितेवरचा वल्ह्याचा डोंगा मात्र यांत्रिक नाही. अशा नावांची नोंद जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.