टेम्पोचं फिटनेस संपलंय, नाशिकमध्ये आता काय करू?

गाडी आजच उभी करा आणि परिवहनच्या वाहन पोर्टलवर फिटनेस प्रमाणपत्राच्या (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) नूतनीकरणाची फी भरून तपासणीची तारीख घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 नुसार फिटनेस नसलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत; अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. माल भरून आणखी एक फेरी मारायचा मोह कृपया टाळा. पेठ रोडच्या आरटीओत जाण्याआधी विमा, पीयूसी, कर बघा. ब्रेक, हेडलाइटचा झोत, मागची सोललेली रिफ्लेक्टर टेप नीट करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम 81 मध्ये नूतनीकरणाला उशीर झाल्यास दिवसाला 50 रुपये जादा फी आहे, तरी पोर्टल दाखवेल तीच रक्कम धरा. खासगी कार असेल तर मात्र पहिली 15 वर्षं वेगळं फिटनेस लागत नाही.