प्रार्थनेला बसते, पण आत काहीच होत नाही

"मॅडम, रोज बसते हो प्रार्थनेला. पण आत काही हलतच नाही. प्रभूनं मला सोडलं की काय?"

सोलापुरात समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न वरचेवर येतो. कुणी म्हणतं विश्वास आटला, कुणी जुनं पाप उकरत बसतं, कुणी थेट मंडळीच (चर्चच) बदलतं. त्यातल्याच एका ताईंची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 47. टॉवेलच्या कारखान्यात लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची आणि डझनाचा गठ्ठा सुतळीनं बांधायचा, हे काम. रविवारी उपासनेआधी संडे स्कूलमध्ये मुलांचा वर्ग घ्यायचा. वीस वर्षं पहाटे पाचला उठून पवित्र शास्त्राचे तीन अध्याय, एक गीत आणि मग नावांची यादी धरून प्रार्थना, असा पाऊण तासाचा नेम. पूर्वी गीत म्हणतानाच डोळे भरून यायचे. आठ महिन्यांपासून ते थांबलं. त्यांनी उपाय केला तो बहुतेक जण करतात तोच: वेळ वाढवला. साडेचारला उठून सव्वा तास, शिवाय शुक्रवारी उपास. झालं असं की तिसऱ्या अध्यायाला डुलकी लागायची, जाग आली की अपराधी वाटायचं आणि कामावर चिडचिड व्हायची. वर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हे सांगायची लाज.

पहिल्या भेटीत प्रार्थनेविषयी फारसं बोलणंच झालं नाही. झोप किती, भूक कशी, आवडीच्या गोष्टीत मन रमतं का, जगू नये असं कधी वाटतं का, पाळी कशी, हे आधी विचारलं. पाण्याची पाळी रात्री आली की त्या बारा-एकपर्यंत भांडी भरत जाग्या असायच्या. पाळीत रक्तस्राव जास्त. जिना चढताना धाप. रक्त तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं 8.4, बाईमाणसाचं निदान 12 असायला हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी त्या चहासोबतच घेत होत्या. चहानं लोह अंगी लागत नाही, दोन्हींत तासाभराचं तरी अंतर हवं, हेही सांगावं लागलं.

रक्त कमी आहे म्हणून येणाऱ्या थकव्याला आत्मिक नाव देऊ नये, याबाबत आम्ही फार आग्रही आहोत. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच रस उरला नाही, मरणाचे विचार येऊ लागले, तर आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत आहे. उपचार घेतले म्हणजे विश्वास कमी पडला, असं मुळीच नाही.

दुसऱ्या भेटीपर्यंत पाच आठवडे गेले होते. धाप कमी झाली, झोप सुधारली, टीव्हीवरच्या मालिकेत पुन्हा मन लागू लागलं. प्रार्थना मात्र कोरडीच. आता मूळ प्रश्नाकडे वळता आलं.

ख्रिस्ती परंपरेत या कोरडेपणाचा खूप बारकाईनं विचार झाला आहे. स्पेनचे संत योहान ऑफ द क्रॉस (1542–1591) यांनी तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तशी जगातल्या दुसऱ्या कशातही वाटत नाही. तरी आपण मागे पडतोय ही तळमळ आत जागी असते. आणि पूर्वीसारखं कल्पनेनं, विचारानं मनन करायला गेलं तर जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर तो आळस किंवा बेपर्वाई नसून प्रार्थनेचं वळण बदलत असावं, असं ते म्हणतात. नुसत्या खिन्न प्रकृतीमुळेही गोडी जाते आणि तेव्हा ही तळमळ दिसत नाही, हेही त्यांनी वेगळं काढून दाखवलं. स्वतः त्यांना त्यांच्याच संन्यासी संघातल्या लोकांनी 1577 च्या डिसेंबरात पकडून टोलेडोत जवळजवळ नऊ महिने कोंडून ठेवलं होतं, म्हणजे या आतल्या अंधारावर लिहिण्याचा त्यांचा अधिकार मोठा.

ताईंच्या बाबतीत दुसरी खूण अगदी ठळक होती. देवाची पर्वा नसलेलं माणूस आठ महिने रडकुंडीला येऊन साडेचारला उठत नाही. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग शंका आली: "पण हे कॅथलिकांचं ना? आमच्या मंडळीत चालेल का?" रास्त शंका आहे. त्यांना देणार होतो ते शब्द सगळे पवित्र शास्त्रातलेच होते. पद्धत जुन्या मठांतली, आणि ती पाळकांना दाखवूनच सुरू करा असं सुचवलं. त्यांनी दाखवली, पाळकांची हरकत नव्हती.

अविलाच्या संत तेरेझा (1515–1582) यांनी प्रार्थनेला बागेला पाणी देण्याची उपमा दिली आहे. आधी विहिरीतून बादलीनं शेंदायचं, मग रहाट, मग वाहता ओढा आणि शेवटी पाऊस. कष्ट कमी होत जातात आणि पाणी वाढत जातं. विहिरीला पाणीच लागलं नाही तर? तरी माळ्यानं बादली सोडत राहावी, असं त्या म्हणतात. एके काळी प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच आपले कान असत, अशी कबुलीही त्या देतात. ताईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. त्या चटकन म्हणाल्या, "आमच्याकडं ज्वारीला पाणी देतच नाहीत की. पेरली की काळ्या रानातल्या ओलीवर येते. वरनं बघितलं तर भेगा." या वाक्याचा पुढच्या सगळ्या भेटींत उपयोग झाला.

मग नेम ठरवला. सव्वा तासाचे केले वीस मिनिटं, तेही दोन तुकड्यांत. कोरड्या काळात वेळ वाढवू नये आणि सोडूही नये. थोडा, पण ठरलेला ठेवावा.

सकाळी दहा मिनिटं, साडेपाचला. अंथरुणावर नको, खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले. मोबाईलला दहा मिनिटांचा गजर लावून तो पालथा ठेवायचा, म्हणजे घड्याळाकडे लक्ष जात नाही. तीन अध्यायांऐवजी एकच वचन. स्तोत्र 23 मध्ये सहाच वचनं आहेत, सोमवार ते शनिवार रोज एक. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयानं वाचन, मनन, प्रार्थना आणि स्तब्धता अशा चार पायऱ्या मांडल्या. घास तोंडात घेणं, चावणं, चव उतरणं आणि मग नुसती गोडी, ही त्याचीच तुलना. कडक भाकरी घाईनं गिळता येत नाही, तसं. वचन मोठ्यानं दोनदा हळू वाचायचं. जो शब्द अडेल तिथं थांबायचं आणि तोच दोन-तीन मिनिटं मनात घोळवायचा. मग त्यावर देवाशी एकच वाक्य बोलायचं, मनातलं, सजवलेलं नको. उरलेली तीनेक मिनिटं गप्प. विचार येणारच. त्यांच्याशी भांडायचं नाही, "अब्बा" (बापा) एवढा एकच शब्द मनात घेऊन परत यायचं. एकच लहान शब्द धरायची ही युक्ती चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाची आहे. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत यावं लागलं तरी चालेल, कारण परत येणं हीच तिथली प्रार्थना.

पहिल्याच सोमवारी गाडी अडली. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," यातल्या "उणे" शब्दावर त्या थांबल्या आणि त्यांना राग आला. उणं तर रोज पडतंय! घाबरून त्यांनी शास्त्र मिटलं. खरं तर तिसरी पायरी त्यांनी तिथंच गाठली होती. "प्रभू, उणं पडतंय" हेच ते वाक्य. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडक शब्दांत तक्रारी केल्या आहेत. वर्षभरात शास्त्र वाचून काढायचं असेल तर ते दुपारी वाचा, पण या दहा मिनिटांत ते आणू नका, हेही सांगितलं. दोन्ही मिसळलं की पानं मोजली जातात.

दिवसभरासाठी येशू-प्रार्थना: "प्रभु येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." लूक 18:13 मधल्या जकातदाराची हाक आणि मार्क 10:47 मधल्या आंधळ्या बार्तीमयाची हाक, दोन्ही तिच्यात आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांत ती शतकानुशतकं चालत आली. इथं दोन ठिकाणी बिघडलं. श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा, असं त्यांनी कुठं तरी ऐकलं होतं. त्या श्वास ओढून धरू लागल्या आणि चक्कर आली. श्वासाच्या युक्त्या जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नयेत, असं ती परंपराच सांगते. श्वास चालतो तसा चालू द्यावा, शब्द त्यावर बसले तर बसले. दुसरं म्हणजे "पाप्यावर" या शब्दाशी आलं की त्यांचं मन जुन्या चुकांची पोथी उघडायचं. ज्यांना आधीच अपराधी वाटतं त्यांच्याबाबत हे हमखास होतं. वाक्य आखूड केलं: "प्रभु येशू, दया कर." तेवढं पुरतं.

कामावर त्यांनी प्रत्येक टॉवेलाला एकदा, असा हिशेब धरला. डझनात अकराच भरले, गठ्ठा परत आला आणि बोलणी बसली. पॅरिसमधल्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स (मृत्यू 1691) भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहत, हे त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मोजणीत बसवलं. लॉरेन्स यांचा भर हाती असलेलं काम देवासाठी करण्यावर होता. कामात लक्ष नसेल तर सान्निध्य कसलं? म्हणून जागा बदलली. टॉवेल मोजताना फक्त मोजायचं. बारा झाले, सुतळी ओढून गाठ मारली, की त्या गाठीला एकदा "प्रभु येशू, दया कर." हात तसाही क्षणभर थांबतोच. ही गाठ त्यांना फार मानवली.

संध्याकाळी दहा मिनिटं दिवसाची उजळणी, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांच्या पद्धतीनं: आभार मानणं, प्रकाश मागणं, दिवस सकाळपासून क्रमानं पाहणं, चुकलं तिथं क्षमा मागणं, उद्याचं एक पाऊल ठरवणं. तिसऱ्या भेटीत त्यांनी वही दाखवली. एका दिवसाच्या अकरा चुका, आभार एकही नाही. ही उजळणी अशीच बिघडते, आरोपपत्र होऊन बसते. नियम केला की आधी तीन आभार, तेही डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींचे ("आरोग्याबद्दल" असं ढोबळ नको, "दुपारी शेजारणीनं शेंगाचटणी दिली" असं हवं), चूक एकच, वही बंद. रात्री झोप येते म्हणून वेळ हलवून कामावरून आल्यावर, चूल पेटवण्याआधीची केली.

याच काळात त्या संडे स्कूल सोडायला निघाल्या होत्या. "आतून कोरडी बाई पोरांना काय देणार?" इथं इग्नेशियस यांचा एक नियम अक्षरशः लागू करावा असा आहे: मन उजाड असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत. उजेड पडल्यावर सोडावंसं वाटलं तर जरूर सोडा, अंधारात नको. त्यांनी तीन महिने थांबायचं कबूल केलं.

चौथी भेट अडीच महिन्यांनी झाली. हिमोग्लोबिन 11.2 वर आलं होतं. डोळ्यांत पाणी? "नाही हो. कोरडंच आहे." पण सकाळची खुर्ची आता टाळावीशी वाटत नाही, गजर वाजला की कधी कधी दचकायला होतं, "एवढ्यात झाले दहा?" असं वाटतं. शुक्रवारचा उपास डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद आहे. एकदा सुनेवर ओरडायच्या आधी हातात सुतळी नसतानाही बोटांनी गाठ मारल्यासारखं केलं, हे सांगताना त्या मोकळं हसल्या.

पुढची तारीख ठरवली नाही. पुन्हा झोप उडाली, जेवण सुटलं किंवा ती तळमळही नाहीशी होऊन सगळंच नकोसं झालं, तर त्याच आठवड्यात यायचं, एवढं ठरलं. संडे स्कूलचा निर्णय अजून झालेला नाही. पोरांची नाताळची गाणी बसवून होऊ देत, मग बघते, म्हणाल्या.