निकालाला हात लावू नका

ताई, तुमचा प्रश्न असा की जुळे सोलापुरातल्या तुमच्या वाचनालयात मुलांचा पुस्तकगट सुरू करायचाय, मुलांनी नवी पुस्तकं वाचायची आणि शेवटी आवडत्या पुस्तकाला मत द्यायचं. पण समितीतले काहीजण म्हणतात, मुलं मुखपृष्ठ बघून मत देतील, नाहीतर मित्राने दिलं त्यालाच देतील. शहराच्या पूर्व भागातल्या एका छोट्या वाचनालयात सात वर्षं मी हाच उद्योग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुखपृष्ठ बघून काही मुलं मत देतातच. मोठी माणसंही मुखपृष्ठ बघून पुस्तकं विकत घेतात, ते फार मनावर घेऊ नका. खरा घोळ मोठ्यांकडून होतो. पहिल्या वर्षी तो मीच घातला.

त्या वर्षी यादीत सहा पुस्तकं होती. त्यातलं पावसावरचं एक पुस्तक मला फार आवडलेलं. सुंदर चित्रं, कमी शब्द. मुलांनी निवडलं ते पादण्याच्या विनोदांनी भरलेलं एक पुस्तक, तेही दणदणीत फरकाने. निकालाच्या दिवशी मी ते जाहीर केलं खरं, पण लगेच ‘परीक्षकांची निवड’ म्हणून माझ्या पुस्तकाचंही नाव घेतलं आणि त्याच्यावर दहा मिनिटं बोललो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चपला घालता घालता सहावीतला एक मुलगा म्हणाला, “मग आमचं मत कशाला घेतलं ओ काका?” दुसऱ्या वर्षी 31 मुलांपैकी 14 परत आली. काहींना क्लास लागले होते. सगळ्यांना नक्कीच नव्हते लागले.

तेव्हापासून ‘परीक्षक’ हा प्रकारच बंद केला. मोठ्यांनी ठरवलेल्या पुरस्कारांना माझी हरकत नाही. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक 1922 पासून दिलं जातं, ते ग्रंथपालांची समिती ठरवते. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे, त्याचाही निर्णय मोठ्यांचाच. पण अमेरिकेच्याच वायव्य भागातल्या ग्रंथालयांचा, निव्वळ मुलांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार 1940 पासून चालू आहे. तिथे मत द्यायला यादीतली किमान दोन पुस्तकं वाचलेली लागतात. या दोन्ही गोष्टी चांगल्या, फक्त एका ताटात वाढू नका.

दुसरं म्हणजे मताने काहीतरी हललं पाहिजे. आमच्याकडे बालविभागाच्या खरेदीतला एक तृतीयांश पैसा मुलांच्या निकालावर खर्च होतो. पहिल्या आलेल्या पुस्तकाच्या जादा प्रती येतात, आणि त्याच लेखकाची किंवा चित्रकाराची बाकीची पुस्तकं मुलं शोधून सांगतील ती येतात. समितीने याला वर्षभर विरोध केला. “पोरांच्या हातात खरेदी?” वगैरे. शासनमान्य वाचनालय असेल तर अनुदानातली पुस्तकं नाहीतरी दाखल नोंदवहीत चढवावी लागतातच, तशी हीही चढतात. आभाळ काही कोसळत नाही. आणि आपण सांगितलेलं पुस्तक शिक्का मारून फडताळात लागलेलं दिसलं की पोरांची चाल बदलते, हे तुम्ही बघालच.

आता मोजणी. इथे बहुतेकजण फसतात, म्हणून नीट सांगतो. समजा एका पुस्तकाच्या पाच प्रती आहेत आणि दुसऱ्याची एकच. पहिलं 30 मुलांनी वाचलं, त्यातल्या 15 जणांना ते फार आवडलं. दुसरं दहाच जणांच्या हाती लागलं, पण आठ जणांना फार आवडलं. सरळ हात वर करून मोजलं तर 15 विरुद्ध 8, पहिलं जिंकलं. प्रत्यक्षात काय जिंकलं? आपण जास्त विकत घेतलेलं पुस्तक. म्हणून एक तर प्रत्येक पुस्तकाच्या सारख्याच प्रती घ्या (आम्ही तीन घेतो), आणि मत ‘कोणतं आवडलं’ असं एकच घेऊ नका. आमच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पुस्तकापुढे तीन चौकोन असतात: ‘परत वाचेन’, ‘एकदा बास’, ‘सोडून दिलं’. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. न वाचलेल्या पुस्तकापुढे काहीच खूण करायची नाही. गुणांच्या बेरजेला वाचणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. दहापेक्षा कमी जणांनी वाचलेलं पुस्तक त्या वर्षी निकालातून बाहेर, पुढच्या वर्षी पुन्हा यादीत. भागाकार सातवी-आठवीची मुलं फळ्यावर सगळ्यांसमोर करतात. दशांशाच्या दुसऱ्या स्थळावरून भांडणं होतात, होऊ द्या.

‘सोडून दिलं’ हा चौकोन मात्र ठेवाच. पहिली दहा पानं वाचून पुस्तक ठेवून द्यायची मुभा आहे म्हटल्यावर मुलं जास्त पुस्तकं उघडतात. आणि शेरे काय भारी येतात. “ह्यात काय होतच नाही की ओ” हा एका फार नावाजलेल्या पुस्तकावरचा चौथीतल्या मुलीचा शेरा. मी ते पुन्हा वाचलं. खरंच काही होत नाही.

आठ पुस्तकांच्या यादीतली चार वाचली तर मत, असा आमचा नियम. वाचलं की नाही हे तपासायला प्रश्नपत्रिका काढू नका, शाळेत तेच चाललेलं असतं. मी एवढंच विचारतो, “मित्राला कुठलं पान दाखवशील?” एकाने दोन दिवसांत आठही पुस्तकं वाचल्याचं सांगितलं. मला वाटलं थाप मारतोय. त्याने आठही पुस्तकं एकापाठोपाठ उघडून पानं दाखवली, आणि एकात तर बैलाचं शिंग आधीच्या पानावर डावं मोडलेलं आणि पुढच्या पानावर उजवं, हेही दाखवलं. प्रकाशकाला पत्र धाडलं आम्ही.

पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी अशी मुलं भरपूर. तुमच्याकडे कन्नड असेल, उर्दू असेल. तिसरीतली एक मुलगी पुस्तक घरी न्यायची आणि आई विड्या वळत बसलेली असताना तिला वाचून दाखवायची. मी एकदा काही कामाने त्यांच्या घरी गेलो होतो. आईच्या मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापणं चालूच, आणि पोरगी मराठी वाचून मध्येच तेलुगूत सांगतेय. ती श्वास घ्यायला थांबली की आई मान वर न करता म्हणायची, “तर्वाता एमैंदी?” मग पुढे काय झालं? मतदानाच्या दिवशी ही पोरगी दोन मतपत्रिका मागायला लागली. “आईने पण ऐकलंय. पाचही.” आता ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, यावर मुलांची अर्धा तास सभा झाली. ठरलं असं: ऐकलेलं धरायचं, पण मत मुलांचंच. आईचं मत वेगळ्या कागदावर घेऊन भिंतीवर लावलं. त्याच वर्षीपासून पहिली-दुसरीच्या मुलांना मोठी मुलं यादीतली पुस्तकं वाचून दाखवतात आणि तीही मत देतात. त्यांच्या मतपत्रिकेवर नावाऐवजी मुखपृष्ठाची छोटी झेरॉक्स.

‘नवं’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. आम्ही गेल्या दोन वर्षांतली प्रथमावृत्ती धरतो, पुनर्मुद्रण चालत नाही. मुलांना आतलं आवृत्तीची माहिती छापलेलं पान वाचायला शिकवलं की तीच दुकानात हटकायला लागतात. मराठीतली नवी बालपुस्तकं सोलापूरच्या दुकानांत लवकर पोचत नाहीत, ही रड कायमची. प्रकाशकाला थेट फोन करा, वाचनालय म्हटलं की बहुतेकजण सवलत देतात. कुणी पुण्याला जाणार असेल तर त्याच्याकडे यादी द्या. आमची निम्मी पुस्तकं हुतात्मा एक्स्प्रेसने कुणाच्या तरी पिशवीतून आलेली आहेत. पैसे कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, मुक्त परवान्याच्या, छापून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकंही स्वस्त पडतात. फक्त यादीत सगळी एकाच प्रकाशनाची नकोत.

वेळापत्रक गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेभोवती आखा. आम्ही 12 ऑगस्टला, म्हणजे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या ग्रंथपाल दिनाला यादी लावतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मतदान घेतो. जानेवारीत काठ्यांची मिरवणूक, पाळणे, मौत का कुआँ यापुढे पुस्तकाला कोण विचारतो? निकाल जत्रा उठल्यावर. उन्हाळ्यात काही ठेवू नका, दुपारी वाचनालयाचा पत्राही हात लावू देत नाही.

सर्वाधिक वाचणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायचा मोह होईल, पालक तर मागणी करतीलच. देऊ नका. आम्ही एकदा दिलं, तर त्या वर्षी सगळ्यांनी पातळ पातळ पुस्तकं वाचली. मतदानाच्या वेळी पालकांना बाहेर चहाला बसवा. बोटाला शाई लावायचा हट्ट मुलं धरतील, तो मात्र पुरवा, जांभळा मार्कर पुरतो. मतपेटी म्हणजे आमच्याकडे शेंगाचटणीची मोठी बरणी, झाकणाला फट पाडलेली. कितीही धुतली तरी मतपत्रिकांना लसणाचा वास येतोच.

तुमच्या समितीला यातलं काही पटत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी दहाला दोघातिघांना घेऊन या, स्वतःच बघतील. फक्त आमच्या भागात पाणी यायचा दिवस टाळा. त्या दिवशी अर्धी मुलं घागरींपाशी असतात.