छतावरचं पावसाचं पाणी साठवायला ड्रम लावताय? आधी एवढं बघा

दादा, एकच निळा ड्रम घ्या, २०० लिटरचा. शंभर चौरस फूट स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की तो भरतोच. आपल्या नागपुरात जुलैत अशा सरी कितीतरी येतात. भरलेला ड्रम दोन क्विंटलचा होतो, म्हणून खाली पक्का विटांचा ओटा हवा. माझा पहिला ड्रम ओल्या काळ्या मातीत कलला आणि शेजारची मोगऱ्याची कुंडी फुटली, अजून हळहळ वाटते. मृगाचं पहिलं पाणी सोडून द्या, उन्हाळाभराची धूळ त्यात चहासारखी उतरते. तोटी बुडापासून चार बोटं वर बसवा, गाळ खाली राहतो. तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधाच. डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. जास्तीचं पाणी जायला वरून पाइप काढा, भिंतीपासून दूर.