पगाराच्या स्लिपा आणि चकलीचा सोऱ्या

प्रश्न : आमच्याकडे दर महिन्याला साधारण १२ हजार पगाराच्या स्लिपा एक्सएमएलमधून एचटीएमएलमध्ये बनवतो, जावामध्ये, एक्सएसएलटी स्टाइलशीट (एक्सएमएलचं रूपांतर कसं करायचं ते सांगणारी फाइल) लावून. स्लिप जेमतेम पानभर पण जॉब संपता संपत नाही. सर्व्हरची रॅम दुप्पट केली, काडीचा फरक नाही. सगळे म्हणतात कॅशिंग कर, म्हणजे एकदा केलेलं साठवून पुन्हा वापर, पण कॅशमध्ये ठेवायचं नेमकं काय?

उत्तर : रॅमचे पैसे गेलेच म्हणा आता. मला वाटतं तुमच्या लूपच्या आत, दर स्लिपला, ट्रान्सफॉर्मर फॅक्टरीकडे स्टाइलशीटची फाइल देऊन नवा ट्रान्सफॉर्मर (रूपांतर करणारा ऑब्जेक्ट) मागणारी ओळ असणार. बहुतेकांची असते, कारण नेटवरच्या उदाहरणात तशीच असते. म्हणजे काय होतं, तर तीच फाइल पुन्हा उघडायची, पार्स करायची (वाचून रचना ओळखायची), तिला इंपोर्ट-इन्क्लूडने जोडलेल्या फाइली शोधायच्या, कंपाइल करायची (चालवता येईल अशा रूपात आणायची), आणि एवढं सगळं एका पानासाठी! चकल्या करताना दर चकलीला नवा सोऱ्या घडवून आणण्यातला प्रकार.

तर कॅशमध्ये स्लिप नाही ठेवायची, ती एकदाच बनते, तिचा पुन्हा उपयोग काय. ठेवायचं ते कंपाइल झालेलं स्टाइलशीट. जावात त्यासाठी टेम्प्लेट्स नावाचा ऑब्जेक्ट आहे, फॅक्टरीच्या न्यू-टेम्प्लेट्स मेथडने एकदा बनवायचा, कॉन्करंट हॅशमॅपमध्ये (नावावरून वस्तू शोधायच्या तक्त्यात) फाइलच्या नावावर ठेवायचा, आणि दर स्लिपला त्याच्याकडून नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो स्वस्तात मिळतो.

इथे लोक फार हुशारी करतात आणि ट्रान्सफॉर्मरच कॅश करतात. नका करू!! टेम्प्लेट्स अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांत) बिनधास्त चालतो, ट्रान्सफॉर्मर चालत नाही, कारण पॅरामीटर, म्हणजे बाहेरून भरलेली माहिती, त्याच्यातच साठतात. एका थ्रेडने नाव भरलं, तेवढ्यात दुसऱ्याने बदललं, की कुलकर्ण्यांच्या स्लिपवर शेख यांचं नाव, आणि हे हजारात एकदा होणार त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडतही नाही. फॅक्टरीसुद्धा थ्रेड-सेफ असेलच अशी गॅरंटी नाही.

दुसरी भानगड, फाइल बदलली तर? नुसती मुख्य फाइलची तारीख बघून भागत नाही. एका जुन्या कामात मी तळटीपेतला पत्ता बदलला, तो होता इन्क्लूड केलेल्या वेगळ्या फाइलीत, मुख्य फाइल होती तशीच, त्यामुळे कॅश आपली जुनाच पत्ता छापत राहिली आणि मी दोन तास ब्राउझरला शिव्या देत बसलो. कंपाइल होताना यूआरआय रिझॉल्व्हर (जोडलेली फाइल कुठून आणायची ते ठरवणारा कोड) लावून कुठल्या कुठल्या फाइली ओढल्या त्यांची यादी ठेवा आणि सगळ्यांच्या तारखा तपासा. तुमचं महिन्यातून एकदाच चालतं, तर एवढं करूच नका, जॉब सुरू होताना नवं कंपाइल, विषय संपला.

डॉटनेटवाल्यांना (मायक्रोसॉफ्टचं जावासारखं) तेच काम एक्सएसएल कंपाइल्ड ट्रान्सफॉर्म करतो, २००५ च्या २.० आवृत्तीपासून आहे. लोड एकदाच करा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर स्टाइलशीटमध्ये स्क्रिप्ट असेल आणि दरवेळी लोड केलंत तर तयार झालेल्या असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडचे तुकडे) मेमरीतून हलत नाहीत, साचत जातात.

हे करायच्या आधी कंपाइलला किती वेळ आणि ट्रान्सफॉर्मला किती, वेगवेगळा मोजा मात्र. पहिल्या काही स्लिपा सोडून द्या, जावा तापायला, म्हणजे पूर्ण वेगाने चालायला, वेळ घेतं. ट्रान्सफॉर्मच हळू निघालं तर कॅशिंगने काही होणार नाही, मग स्टाइलशीटमध्ये डबल स्लॅश (//, म्हणजे कितीही खोलवर शोध) किती ठिकाणी टाकलेत ते बघा, प्रत्येक वेळी एक्सएमएलचं अख्खं झाड पालथं घातलं जाऊ शकतं, तिथे एक्सएसएल-की (शोधायला बनवलेली सूची) लावा.