नीट सोडून मानसशास्त्र? जिंतूरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची लेक लातूरला नीटची तयारी करतेय आणि आता म्हणतेय, लहान मुलांची सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. कारण तुमच्या दिराचा चार वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही. "वेड्यांची डॉक्टर होऊन पोट भरेल का?" असं तुम्ही विचारलंय.

वेड हा शब्द आधी घरातून काढून टाका. स्वमग्नता (म्हणजे ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता हे वेड नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या तिन्हींचा समावेश आहे.

स्वमग्नतेचं निदान रक्त तपासून होत नाही. आईकडून गरोदरपणापासूनची हकिकत ऐकायची, मूल कसं खेळतं ते जमिनीवर बसून पाहायचं, मग इसा ही स्वमग्नतेची ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी आणि गरजेप्रमाणे बिने-कामतसारखी बुद्धिमापन चाचणी वापरायची. यात भाषेला फार महत्त्व आहे. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारं लेकरू पुस्तकी मराठीतल्या प्रश्नाला गप्प बसलं, म्हणून ते मंद ठरत नाही. हे ओळखायला इथलंच माणूस हवं, आणि म्हणूनच तुमच्या लेकीचा विचार मला मोलाचा वाटतो.

औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम. हिचं काम शिकवण्याचं. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, लेकरं पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्यांना "आठवड्यातून दोनदा थेरपीला या" सांगून काय उपयोग? बोट दाखवून मागायला, आपल्या हाताने जेवायला कसं शिकवायचं, हे आईला नाहीतर आजीला करून दाखवावं लागतं. स्वमग्नता बरी करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मूल पुढे सरकतं, पण हळू.

पोट भरेल, मात्र उशिरा. नीट लागत नाही. आजवरची वाट अशी: मानसशास्त्रात पदवी, मग एम.ए., त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं क्लिनिकल किंवा पुनर्वसन मानसशास्त्राचं प्रशिक्षण आणि नोंदणी. सात-आठ वर्षं धरून चला. आरसीआयची मान्यता नसलेल्या नुसत्या एम.ए.वर किंवा समुपदेशनाच्या चार महिन्यांच्या कोर्सवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही. या अभ्यासक्रमांची मांडणी सध्या बदलतेय, त्यामुळे फी भरण्याआधी त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे. परभणीहून ती मुंबईपेक्षा जवळ.

निर्णय मात्र आज नको. परीक्षा झाली की तिला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात न्या. लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा आणि परवानगी मिळाली तर दोन दिवस तिथे बसू द्या. रडणारं, चावणारं मूल पाहूनही तिला परत जावंसं वाटलं, तर अडवू नका.

दिराच्या मुलासाठी मात्र परीक्षेपर्यंत थांबू नका. "मुलगे उशिरा बोलतात" असं घरातलं कुणी म्हणेलच. तरी याच आठवड्यात त्याला त्याच रुग्णालयात घेऊन जा आणि आधी कानांची तपासणी करून घ्या.